ताईचं पान

सोमवार, ४ मार्च

नवी नोकरी एकदाची सुरू झाली! खिडकीला लागून खुर्ची मिळाली, आणि टेबलाच्या खणात जुन्या, काचेला तडे गेलेल्या मोबाईलची अख्खी फौज. लोकांच्या हातात असलेच फोन असतात. त्यावर आमची वेबसाइट किती पटकन उघडते ते बघायचं आणि जिथे रेंगाळते तिथे तिला पळवायचं, हे माझं काम. माझ्याइतकी उतावळी बाई या कामाला शोधून सापडली नसती. मी सातव्या महिन्यातच जन्माला आले. ताई म्हणते, तुला तेव्हाही दम निघाला नाही.

वेबसाइट श्रद्धांजलीची आहे. गेलेल्या माणसाचं घरचे लोक एक पान करतात: फोटो, नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख, आठवणीच्या चार ओळी. ऐकायला उदास वाटतं, पण इथली माणसं हसतीखेळती आहेत. साहेबांना सगळे काका म्हणतात. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ एसीच्या धास्तीने कायम मफलर गुंडाळून असतो, म्हणून त्याचं नावच मफलर. आल्या आल्या त्याने मला कॉफी आणून दिली. मला तर आजच घरच्यासारखं वाटायला लागलं.

बुधवार, ६ मार्च

इथे एक पद्धत आहे. नव्या माणसाने चाचणीसाठी एक पान करायचं आणि ते विजेसारखं उघडेल इतकं सुधारून दाखवायचं. खोटं नाव चालत नाही. माणूस खरा हवा, आपल्या अगदी जवळचा हवा आणि हयात हवा, असं काकांनी बजावलं. मी कारण विचारलं. परक्याच्या पानावर कोणी जीव ओतत नाही, आणि आपल्या गेलेल्या माणसाचा फोटो समोर असला की रडू येतं, काम होत नाही, असं ते म्हणाले. मला पटलं.

मी ताईचं पान केलं. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. माझी वेणी, माझा डबा, माझा अभ्यास, सगळं ताईने केलं. तिचं स्वतःचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. फोनवर सांगितलं तर ती खो खो हसली आणि म्हणाली, निदान फोटो तरी बरा लाव गं. मृत्यूच्या तारखेचा रकाना मी अर्थातच मोकळा सोडला. पानावर तिथे नुसती राखाडी पट्टी दिसते. मजकूर येईपर्यंत पान खालीवर उड्या मारू नये म्हणून अशी जागा राखून ठेवतात.

मफलरने ताईचा फोटो बराच वेळ न्याहाळला. एकटीच राहते का, असं विचारलं. त्याला काय करायचंय?

सोमवार, ११ मार्च

फोटो हलका केला, नको ते फॉन्ट काढले, आणि पान धावायला लागलं. मी माझ्यावरच खूश. मग खणातल्या सगळ्यात रडतराऊत फोनवर ते उघडून बघितलं आणि चक्रावले. राखाडी पट्टीत उजव्या टोकाला साल आलंय. हेच, चालू साल. माहितीचा रकाना तपासला, तो मोकळाच. ते साल येतंय कुठून ते काही केल्या सापडेना.

कोणीतरी खोड्या काढतंय. माझा संशय मफलरवर. त्याला स्पष्ट विचारलं, तर ना हसला, ना रागावला. साल आलं का, एवढंच म्हणाला आणि आपल्या कामाला लागला. मी पासवर्ड बदलला.

गुरुवार, १४ मार्च

पासवर्ड बदलून काही उपयोग झाला नाही. आज पानातला फालतू कोड कापला, पान आणखी झपाट्याने उघडलं, आणि सालाच्या डावीकडे महिना उमटला. मार्च. त्याच्याही डावीकडे, दिवसाच्या जागी, राखाडी पट्टी अजून आहे.

ताईला फोन लावला. ठणठणीत आहे. तुझाच आवाज उतरलाय, नीट जेवतेस ना, म्हणून मलाच झापलं.

माझ्या खुर्चीमागून जाताना सगळे क्षणभर थांबतात. आधी वाटायचं, कौतुकाने बघतात. मफलरला विचारलं, तुझं चाचणीचं पान कोणाचं होतं? बायकोचं, म्हणाला. आता अगदी झटक्यात उघडतं, म्हणाला. पुढचं विचारायची माझी छातीच झाली नाही.

सोमवार, १८ मार्च

आज काकांना विचारलं. मफलरची बायको तो इथे लागला त्याच महिन्यात गेली. हे त्यांनी डोळे वर न करता सांगितलं.

त्यांच्या केबिनमध्ये वेबसाइटच्या वेगाचा आलेख लावलाय. मी एरवी असले आलेख चवीने वाचते. रेघ सरळ जाते, मधेच एकदम झेप घेते, पुन्हा सरळ. प्रत्येक झेपेवर एक नाव आहे. ऑफिसातल्याच माणसांची नावं. शेवटी माझं नाव पेन्सिलीने लिहून ठेवलंय, आणि तिथे रेघ अजून सरळ आहे. काकांनी गोड आवाजात विचारलं, ताईचं पान पुरं कधी होतंय?

मी जागेवर येऊन ताईचं पान पुसून टाकलं. तरी ते उघडतंय! पानाच्या प्रती ठिकठिकाणच्या यंत्रांवर ठेवलेल्या असतात, मूळ पान नाहीसं झालं की ती यंत्रं आपल्याजवळची प्रत दाखवत राहतात. आणि ती आणखीच लवकर आली. दिवसाच्या जागी २ आलाय. त्याच्या पुढचा आकडा तेवढा राखाडी.

वीस तारीख परवावर आलीय.

बुधवार, २० मार्च

आयुष्यात पहिल्यांदा पान हळू करायला बसले. पुसलं तर ती यंत्रं जुनी प्रत दाखवतात, पण बदललं तर त्यांना नवी आणावीच लागते. म्हणून पान परत घातलं आणि त्यात मूळचा अवाढव्य फोटो, ढीगभर फॉन्ट, निरुपयोगी कोड, सापडेल ते कोंबलं. मग माझ्या फोनवर उघडलं. चाक नुसतं गरगरतंय. साल नाही, महिना नाही, २ नाही, सगळी पट्टी राखाडी. जीव भांड्यात पडला.

हे पान पुरं उघडत नाही तोवर ताईला काही होणार नाही. मला वेड लागलंय? लागू दे.

ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं. ताईलाही तेच सांगितलं, म्हणजे धावत येईल. डोळ्यांसमोर राहील.

गुरुवार, २१ मार्च

ताई आली. खोलीचा उकिरडा केलायस म्हणाली, पदर खोचला — सगळं आवरलं. हसतेय, गातेय. मी तिला पायऱ्या उतरू देत नाही. गॅसजवळ जाऊ देत नाही. काय झालंय तुला, विचारते. काय सांगू?

काकांचे फोन. एकही घेतला नाही.

चाक फिरतंय. फिरू दे.

शुक्रवार, २२ मार्च

सकाळी मफलरचा निरोप. काकांच्या सांगण्यावरून त्याने ताईच्या पानात मी कोंबलेलं सगळं काढून टाकलंय. रागावू नकोस, म्हणतो. त्यानेही जड करून बघितलं होतं, म्हणतो. आता एका झटक्यात उघडेल —

माझ्या फोनवर अजून माझंच पान आहे. जड. अर्धवट. परत उघडलं, किंवा बोटाने खाली ओढून ताजं केलं, तरच त्याचं येईल. उघडायचं नाही. हात लावायचा नाही — बस्, एवढंच —

दुपार. डोळा लागला होता. फोन उशाशी नाही.

ताईकडे आहे. स्वयंपाकघरात. बॅटरी संपत आली होती म्हणून चार्जिंगला लावायला नेला, म्हणते. ओरडले — ठेव तो, ताई, काही करू नकोस — उठायला जाते तर पांघरूण पायात अडकतंय —

हसतेय. म्हणते, केव्हाचं अडकलंय गं हे, जरा खाली ओढलं की —

म्हणते, आलं बघ. म्हणते, अगं, माझ्या फोटोखाली आजची तारीख कशाला टा