दुधाबरोबर दोन वेळा

४ नोव्हेंबर, मंगळवार
धाराशिवला छातीच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. वीट आला. सीओपीडी म्हणे. आजार कायमचा, औषधही कायमचं. डॉक्टर माझ्या शेवटच्या बॅचपेक्षा लहान. कॅप्सूल दिल्या, एकीत दोन औषधं. वर प्लॅस्टिकचं एक मशीन. कंपाउंडर डेमो दाखवायला लागला, त्याला गप्प केलं. एकतीस वर्षं सायन्स शिकवलंय, मला कॅप्सूल शिकवतो.
चंपाषष्ठीला बावीस दिवस. खंडोबाच्या पालखीपुढं शिंग फुंकायचा मान तीन पिढ्या आमच्याकडं. यंदाही मीच फुंकणार.

५ नोव्हेंबर
सकाळी ७. बिडी बंद. कायमची.
दुपारी २. जेवणानंतरची एक बिडीत धरत नाही.

८ नोव्हेंबर
मशीन पिशवीतच. ते म्हणे तोंडात घालून ओढायचं, मग चूळ भरायची. शी. कॅप्सूल मात्र दोन्ही वेळा दुधाबरोबर घेतो, एकही चुकवत नाही. पोटातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात. सहावीतलं पोरगंही सांगेल. बराच फरक आहे. रुद्रम्मा म्हणाली, कसला फरक, जिन्यात भाता वाजतोय की अजून. बायकोला धीर म्हणून नाही.

१३ नोव्हेंबर
सिद्धाराम पाराजवळ दिसला. चाळीस वर्षं आडतीच्या धुळीत पोती मोजली, आता चारचौघांत मशीन ओढतो. वर चूळ भरून गटारीत थुंकला. किळस आली. मलाच विचारतो, गुर्जी, तुमी बी सुरू केलं का. ओळख दिली नाही.

१९ नोव्हेंबर
गच्चीवर शिंगाचा सराव. आवाज नाही. चिंचेनं घासलं, तरी नाही. आजोबांच्या वेळचं पितळ, तेही भेसळीचं निघालं. कुणावर विश्वास ठेवावा?

२५ नोव्हेंबर
रुद्रम्मा म्हणाली, यंदा ऱ्हाऊ द्या, सिद्धारामला सांगा, त्याला बी फुंकता येतंय. तासभर तिच्याशी बोललो नाही. खरं तर धाप लागली होती. तिला तो राग वाटला, बरं झालं.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी
पालखी उठली. शिंग तोंडाला लावलं. नुसती हवा. दुसऱ्यांदा हवाही नाही. पालखी थांबली. भंडाऱ्याच्या मुठी वरच्या वर राहिल्या.
सिद्धाराम पुढं आला. आधी खिशातून मशीन काढलं, कॅप्सूल आत ठेवली, दाबली, ओढली. माझीच कॅप्सूल, तीच पट्टी. माझ्या तोंडून निघून गेलं, दुधाबरोबर नाही घ्यायची? तो हळूच म्हणाला, न्हाय गुर्जी, ती गिळायची नसती.
सगळ्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. मग त्यानं शिंग फुंकलं. आवाज वेशीपर्यंत गेला असेल.
मला माझीच शिसारी आली.

२७ नोव्हेंबर
शिंग सिद्धारामकडं पोचवलं. रुद्रम्मा म्हणत होती, कुणाच्या तरी हाती पाठवा. म्हटलं, मान आहे, मीच देणार. आमच्यापासून चौथं घर. वाटेत तीनदा टेकलो. सिद्धाराम म्हणाला, पुढल्या वर्साला परत न्यायचं बरं का गुर्जी.
हो म्हणायलाही दम पुरला नाही.