कमानीच्या चित्राला उत्तर

प्रिय दादा,

कमानीचं चित्र पोचलं. दोन खांब, मधोमध 'स्वतंत्र ग्रामपंचायतीत आपले स्वागत आहे' आणि खाली बारीक अक्षरात 'संकल्पना : प्रफुल्ल'. एक मेच्या ग्रामसभेला फीत कापायला येतो, असंही तूच कळवलंस. उत्तर फोनवर दिलं असतं, पण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. म्हणून लिहिते आहे. कागदाला मधेच तोडता येत नाही.

स्वागत कुणाचं करायचं, दादा? परवा पाहुणे आले तर त्यांना हात धुवायला अर्धाच तांब्या पुढे केला. वस्तीची बोअर मार्चमध्येच आटली. टँकर निघाल्याचा निरोप आला की बायका ड्रम घेऊन उन्हात उभ्या राहतात, आणि तो आला नाही की माझ्या दारात येतात. सरपंच मी आहे ना. आरक्षण बाईचं निघालं तेव्हा "तू उभी राह्य साधना, मी हावो तुह्या पाठीमागं" म्हणालास आणि निवडणूक झाल्याच्या आठवड्यात बदली घेऊन नागपूरला गेलास. पाठीमागं इतकं लांब असतं, हे मला माहीत नव्हतं.

तुझं श्रेय मी नाकारत नाही. वरच्या गावाशी आपण एकाच पंचायतीत होतो तोवर रस्ता त्यांचा, दिवे त्यांचे, आपल्या खालच्या वस्तीला फक्त मतदानाच्या दिवशी जीप. वेगळं व्हायचं, हे तू मनावर घेतलंस. मोर्चे काढलेस, मार खाल्लास, तुझ्या डोक्याच्या टाक्यांवरचं फडकं मी बदललं आहे. विहाराच्या ओट्यावर तू बोलायला लागलास की किसनराव बैल झाडाला बांधून ऐकत थांबायचे. इंग्रज गेले तेव्हा देशाकडं काय होतं, तरी तो उभा राहिलाच ना, मग आपण काहून नाही, असं तू विचारायचास. मलाही ते पटायचं.

आता तोच काळ मी अपेक्षाच्या कॉलेजच्या पुस्तकात वाचला. लेकीला हसू आलं, सरपंच झाल्यावर आई अभ्यासाला बसली म्हणून. त्यात तुझ्या भाषणात नसलेल्या गोष्टी आहेत. दोन देश वेगळे झाले तेव्हा टेबलं, खुर्च्या, टाइपरायटरसुद्धा वाटून घेतले. शिलकीतल्या वाट्यावरून भांडले. लोक उपाशी, निर्वासित दारात, आणि तरी त्या माणसांना उभं राहून कर मागावा लागला. आम्हाला तुमचं काही नको, असं कुणी म्हटलं नाही. ते तू म्हटलंस.

वाटणीची बैठक आठवते? पंचायत समितीच्या साहेबांनी विचारलं, नाल्याकाठची मोठी विहीर दोन्ही गावांत ठेवायची का. तू उठलास आणि म्हणालास, ज्या विहिरीवर माझ्या मायच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, त्या विहिरीचा थेंबही आम्हाला नको. टाळ्या पडल्या. साहेबांनी ते लिहून घेतलं, आपल्या विभाजन समितीचा अध्यक्ष म्हणून तू सही केलीस. वरच्या गावच्या सरपंच विमलताई तेव्हा काही बोलल्या नाहीत. आता बोलतात. मी पाणी मागायला गेले तर चहा पाजला आणि म्हणाल्या, "आम्ही कुठं नाही म्हन्लं बाई? तुमच्याच भावानं लिहून देल्लं ना, पायजे नाही म्हनून." वर मला पेरू दिले. तो चहा आणि ते पेरू घेऊन मी उतार उतरले आणि घरी येईस्तोवर रडले नाही, एवढंच.

दुसरं तुझं वाक्य. आपलं राज्य आलं की घरपट्टी माफ. कुणाला विचारून बोललास? सरकारी निधी येईल तेव्हा येईल, तोवर दिवाबत्ती, शिपाई, टाकीची दुरुस्ती कशातून करायची? घरपट्टी मागायला गेले तर देवीलालकाका बाजेवरून उठलेही नाहीत. "प्रफुल्लनं माफ केली, तू कोन मांगनारी? तो मोठा का तू?" बाकीचे हसले. पहिला कर मागणाऱ्या माणसाला शिव्याच मिळतात, ते मी सोसेन. पण ज्याला हार मिळाले त्यानं निदान एक शिवी तरी वाटून घ्यावी.

या सगळ्यात मायला मी काही सांगत नव्हते. तरी गेल्या बुधवारी ती घरात दिसेना. शोधत गेले तर बाई विहिरीच्या काठावर, हातात आपली जुनी बादली, शेळीच्या दाव्यांना गाठी मारून केलेला दोर. वरच्या गावच्या दोघी-तिघी दूर उभ्या राहून बघत होत्या. मी म्हटलं, माय, आपण हे पाणी सोडलंय. ती माझ्यावर अशी खेकसली की मी लहान झाले. "कोनं सोडलं? तुह्या आज्यानं, उकंडानं, दुष्काळात हे इहीर खांदली. दगड फुटून त्याचा डोया गेला. पानी लागलं तं आमाले वरून ओततं. आन आता मालकी सोडाले आमचाच पोट्टा? मले इचारलं होतं काय त्यानं?" मग एकेक गाठ काठावरून ओढत तिनं बादली वर काढली, ओंजळ भरली आणि स्वतःच्या हातानं प्याली. कुणी पुढं आलं नाही. ना अडवायला, ना हात लावायला.

तुझा राग खरा होता, दादा. पण अपमान तिचा होता आणि विहीर आज्याची. दोन्ही तू भाषणात खर्चून टाकलंस.

आता का लिहिते ते सांगते. किसनरावांनी अर्ज फिरवला आहे, परत वरच्या गावाच्या पंचायतीत जायचं. निम्म्या घरांनी सह्या केल्या. म्हणतात, "ताई, आमचा राग नाही तुमच्यावर, पन म्हशी मरून राह्यल्या." एक मेला फीत नाही, त्या अर्जावर हात वर होणार आहेत. त्या दिवशी विहिरीत वाटा मागणारा ठराव मी मांडणार आहे, पण सही तुझी होती, ती चूक होती हे तूच उभं राहून म्हटलं पाहिजेस. घरपट्टी माफ नाही, हेही तूच सांग, आणि नंतर देवीलालकाकांच्या दारात माझ्यासोबत चल. मी तुला हार घालणार नाही. हे पत्र मी मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिही, भाषन आनू नोको म्हन त्याले. नायलॉनचा दोर आन, लांब पायजे. पानी लय खाली गेलं."

तुझीच, एक मेपर्यंत तरी सरपंच,
साधना