हिरव्या गेटचा रकाना

४ मार्च
पुन्हा तोच घोळ! दातांच्या डॉक्टरीणबाईंना हवा होता एक जार, गेले पाच. शाळेत एकही नाही. दीडशे घरांना पिण्याचं पाणी पोचवणारे आम्ही, आणि सगळा कारभार एका एक्सेलच्या तक्त्यावर! एक ओळ चुकून पुसली की एक घर कोरडं.

भाची म्हणाली, मावशी, आता डेटाबेस करून घे. तिचं कामच ते. मी लगेच हो म्हटलं.

५ मार्च
ह्यांचा विरोध! जेवताना अर्धा तास एक्सेलचं कौतुक – साधा आहे, हाताला बसलाय, त्याला काय झालंय? इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या आमटीबद्दल एवढं बोलले नाहीत. तुम्ही तो उघडता तरी कधी, विचारलं. म्हणे, कधीमधी.

७ मार्च
भाचीनं समजावलं. तक्ता बिचारा सगळं ऐकून घेतो. एकाच माणसाला चारदा लिहा, नाव गाळा, फोनच्या जागी ‘नंतर विचारणे’ लिहा – हूं की चूं नाही. डेटाबेस प्रश्न विचारतो. नावाशिवाय नोंदच घेत नाही. म्हटलं, असाच खमक्या मला दुकानात हवाय.

एकच फोन पण पत्ते दोन, अशा नोंदी ती आता शोधून काढणार आहे.

९ मार्च
यादी आली. एकोणीस नोंदी. अठरा म्हणजे आमचा गलथानपणा.

एकोणिसावी तक्त्याच्या तळाशी होती, चाळीस ओळी कोऱ्या सोडून. माझी नजर तिथवर कधी गेलीच नव्हती. पत्ता – जुन्या टाकीमागे, हिरवं गेट. दर शनिवारी दोन जार. नावाचा रकाना कोरा. फोन ह्यांचा.

भाचीनं विचारलं, "मावशी, यातला कुठला पत्ता उडवू?"

म्हटलं, थांब जरा.

१० मार्च
एका फोनला दोन घरं!

११ मार्च
हसू की रडू? ज्या माणसाला कपाटातले स्वतःचे मोजे सापडत नाहीत, त्याला दुसरं घर सापडलं! पन्नाशी उलटलेली, गुडघ्याला पट्टा, जिना चढताना दोनदा थांबतात. तरी आज धुवायला टाकलेल्या शर्टाचा वास घेतला. घामाचा आणि साबणाचा. स्वतःचीच लाज वाटली.

विचारायचं धाडस होत नाही. विचारलं आणि खरं निघालं तर? जीव थाऱ्यावर नाही.

१४ मार्च, शनिवार
सरळ गाडीत जाऊन बसले. आमच्या गाडीवाल्याला आम्ही मुनी म्हणतो, कारण तो दिवसभरात चार शब्द बोलतो. आज चक्क सहा बोलला. वहिनी, ऊन फार आहे, नका येऊ. तेव्हाच ओळखलं, याला सगळं ठाऊक आहे.

हिरवं गेट. दार उघडलं थोरल्या जाऊबाईंनी.

सात वर्षांनी! धंद्याच्या वाटणीत थोरल्या भाऊजींनी पाणी भरायचं मशीन नेलं, गाडी आमच्याकडे राहिली. पुढे त्यांचं मशीन बंद पडलं, राहतं घर गेलं. कुठे गेले, मी विचारलंही नाही. त्यांच्या दारात पाऊल टाकायचं नाही, अशी ह्यांना शपथ घातली होती. घालणारी मीच. माझ्या गळ्याची.

ह्यांनी पाऊल टाकलं नाही. शब्दाचे पक्के! नुसतं पाणी पाठवत राहिले.

आतून भाऊजींचा आवाज आला, अगदी खोल गेलेला. "कोण आलंय गं?"

जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाणी आलंय."

अंथरुणाला खिळलेत म्हणे. नळाचं पाणी डॉक्टरांनी बंद केलंय. एवढं उंबऱ्यातच बोलणं झालं. त्या आत या म्हणाल्या नाहीत, मीही पाय उचलला नाही. रिकामे जार घेऊन परत आले.

१६ मार्च
मी काही बोलले नाही. पण मुनी बोलला असणार. ह्यांनी आज न सांगता मला चहा करून दिला.

१९ मार्च
डेटाबेस सुरू! नोंदी मीच भरल्या. हिरव्या गेटाशी गाडी अडली. लाल अक्षरं – नाव भरा. नुसतं टिंब देऊन पाहिलं, घेईना. हे मागे उभे राहून मघापासून एकच चष्मा पुसत होते.

"म्हणून म्हणत होतो," ते म्हणाले, "एक्सेलच बरं."

मी टाइप केलं – थोरले भाऊजी. लगेच घेतलं. मागे चष्मा पुसायचा थांबला.

२१ मार्च, शनिवार
दोन जार. ह्यांनाही गाडीत घातलं. हिरव्या गेटाशी मी उतरले, हे उतरेनात. गुडघ्यावर हात ठेवून समोर बघत बसले.

म्हटलं, "सुटली शपथ. उतरा, आणि एक जार तुम्ही घ्या."