फेट्याचं दुसरं टोक

तात्या,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी माझं भांडण मिटलेलं नाही. बाकीच्यांचं मिटलं. माणूस गेला की त्याचं सगळं गोड करून सांगायची आपल्याकडं रीतच आहे. तुमच्या वर्षश्राद्धाला एकानं तर उठून सांगितलं, की पुराच्या वेळी तात्या नसते तर गावाचं काही खरं नव्हतं. मी आत भजी तळत होते. ऐकून हसू फुटलं आणि झाऱ्यातलं तेल हातावर उडालं. त्या माणसाला तेव्हा काही बोलले नाही, म्हणून आता तुम्हाला बोलते. तुम्हाला उलट उत्तर देता येत नाही, ही एक सोयच आहे म्हणायची.

फेटा बांधण्यात तुमचा हात धरणारा कुणी नव्हता, एवढं आधीच देऊन टाकते. लग्नसराईत निमगाव केतकीपासून पार बारामतीपर्यंत तुम्हाला बोलावणं यायचं. नवरदेव असो, नवरीचा मामा असो, नाहीतर कारखान्याचे साहेब असोत, डोकं कुणाचंही असलं तरी फेटा तुमच्याच हातचा. आदल्या दिवशी धुतलेले फेटे घडी घालायला काढायचात आणि दुसरं टोक धरायला मी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून ओसरीच्या खांबापर्यंत कापड ताणलेलं असायचं. आई त्याखालून वाकून ये-जा करायची, तिची तव्यावरची भाकरी करपायची, पण तुमची घडी मोडायची नाही. माझा हात जरा सैल पडला की आवाज न चढवता म्हणायचात, ‘ताठ धर. हितं ढिलं सोडलं की तितं लोकाच्या डोक्यावर सुटतंय.’ दहावी पास झाले तेव्हा तुम्ही मला एक फेटा दिलात, अंजिरी रंगाचा. मुलीला फेटा! सगळी भावकी हसली. मला मात्र इतका अभिमान वाटला होता, की तो आठवला की आता माझीच मला कीव येते.

नव्वदीतल्या त्या पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि नीरा फुगली. मी तेव्हा बारामतीला कॉलेजात. आमच्या मदत पथकाबरोबर टेम्पोतून गावात उतरले तेव्हा नदीकाठची वस्ती शाळेत येऊन बसली होती. बायाबापड्या, कोंबड्या, धान्याची पोती, सगळं वर्गांत. सगळे आले होते, फक्त आत्या आली नव्हती. तुमची पाठची सख्खी बहीण. बाकीच्या भावकीनं मेंढरं विकून ऊस लावला, कारखान्याचे सभासद झाले, घरावर स्लॅब टाकले. आत्या एकटी मेंढरांमागं राहिली. नवरा गेल्यावर तिचं होतं-नव्हतं ते तेवढंच. नदी आणि ओढा यांच्या मधल्या टेकाडावर तिचं खोपट होतं. सोयऱ्याधायऱ्यांत तिचा विषय निघाला की तुम्ही ‘ती शेती बघते’ असं सांगायचात. इतकी तुम्हाला तिच्या मेंढरांच्या वासाची लाज.

त्या सकाळी ओढ्याला कमरेइतकंच पाणी होतं. आमच्या पथकातली पोरं आणि गावातली पट्टीची पोहणारी पोरं दोर घेऊन निघालीसुद्धा होती. मेंढरं त्यांनी एकेक करून खांद्यावर घालून आणली असती. तुम्ही अडवलंत. पूरग्रस्त मदत समिती नुकतीच स्थापन झाली होती ना, आणि तुम्ही तिचे अध्यक्ष! गावात पाणी शिरत असताना कार्याध्यक्ष कोणत्या आळीचा यावर चाललेली हमरीतुमरी मी या कानांनी ऐकली आहे. ‘लष्कर येतंय. तवर कुणी मधी शहाणपणा करायचा न्हाय,’ असं तुम्ही पोरांना दरडावलंत. आम्ही शाळेच्या पायऱ्यांवर बसून राहिलो आणि पाणी आपलं चढत राहिलं.

लष्कराची गाडी आली ती चिखलानं माखलेली, वर रबरी बोट बांधलेली. वाटेत दोन ठिकाणी चहाला अडवलं होतं म्हणे त्यांना. जवान उड्या मारून उतरले आणि बोटीच्या दोऱ्या सोडायला लागले, तर तुमची समिती हार घेऊन पुढं. आधी सत्कार! शाळेत म्हाताऱ्या माणसांना अंग टेकायला सतरंजी पुरत नव्हती, पण सत्काराच्या टेबलावर पांढरीशुभ्र चादर होती. तिच्यावर नारळ, शाली, आणि तुमची फेट्यांची पिशवी. आपल्याकडं कुणी पाहुणा आला की त्याला डोक्याला काही बांधल्याशिवाय कामाला लावायचं नाही. माणसं बुडत असली तरी नाही. कारखान्याच्या साहेबांच्या हस्ते बोटीवर नारळ फोडायचा होता आणि साहेब अजून निघायचे होते.

तुकडीचे सुभेदार साताऱ्याकडचे निघाले, तेच आपलं दुर्दैव. परमुलखातला असता तर त्यानं तुम्हाला सरळ बाजूला सारलं असतं. या माणसाला आपली रीत कळत होती. वडीलधाऱ्यानं फेटा हातात घेतल्यावर नको म्हणणं त्याच्या जिवावर आलं. ‘काका, पाणी थांबायचं न्हाय,’ एवढंच तो हळू आवाजात म्हणाला. तुम्ही म्हणालात, ‘दोन मिनटं. साहेब निघालेत.’ जवानांना तुम्ही नदीकडं पाठ करून ओळीनं उभं केलंत, फोटोत मागं पाणी यावं म्हणून. बारामतीहून फोटोग्राफर बोलावला होता. आणि मला हाक मारलीत, टोक धरायला.

मी धरलं. सवयीनं हात पुढं गेले. एकेका जवानाचा फेटा होत होता. जवान नदीकडं पाठ करून उभे, म्हणजे तुमचं तोंड नदीकडं. आत्याचं टेकाड तुमच्या समोर होतं, तात्या. मेंढरं एका जागी गोळा झालेली दिसत होती आणि त्यांच्यात तिचं हिरवं लुगडं. तुम्ही घडी पाहत होतात, निरी पाहत होतात, तुरा नीट उभा राहिला का ते मान तिरकी करून पाहत होतात. तुमचे हात जरासुद्धा थरथरले नाहीत. ते मी मुद्दाम पाहिलं. सुभेदारांचा फेटा अर्ध्यावर आला तेव्हा टेकाडाच्या खालच्या अंगाची बाभळ आडवी झाली, आणि मी टोक सोडून दिलं.

कापड चिखलात पडलं. चार माणसांत तुमचा असा अपमान कुणी केला नव्हता, त्यातून पोटच्या पोरीनं.

‘उचल,’ तुम्ही म्हणालात.

‘आत्या तिकडं हाय, तात्या.’

‘मला म्हाईत हाय.’

एवढंच. ‘मला म्हाईत हाय.’ तुम्हाला माहीत नसतं, तुम्ही घाबरला असता, तुमचं डोकं फिरलं असतं, तर मी कधीच सगळं विसरून गेले असते. माहीत होतं आणि तुम्ही निऱ्या घालत होतात. साहेब आले की अध्यक्ष म्हणून पहिला हात तुम्हाला मिळवायचा होता. त्यासाठी बहीण थोडी थांबली तर चालणार होती.

सुभेदारांनी अर्धा बांधलेला फेटा डोक्यावरून उतरवला. फेकला नाही. गुंडाळून कमरेच्या पट्ट्यात खोचला आणि जवानांना नुसती मान हलवली. पुढच्या मिनिटाला बोट खांद्यावर. पण आता ओढा ओढा राहिलाच नव्हता. बोट मोकळ्या पाण्यातून गेली आणि बुडालेल्या उसात अडकली. पाचट इंजिनाच्या पंख्यात गुंडाळलं जाई, जवान ते कापून काढीत, पुन्हा गुंडाळलं जाई. तेव्हा आमची पोरं गुऱ्हाळावर धावली आणि गूळ कढवायची मोठी काहील घेऊन आली. पावसाळ्यात ती तिथं उपडीच पडलेली असते. जवानांनी तिच्या कड्यांना दोर बांधले. पुढून दोन जवान आणि गावची दोन पोरं गळाभर पाण्यात, उसाचे वाढे हातानं बाजूला करत, मागून आम्ही सगळे दोर धरून. काहील गरागरा फिरते, तिच्यात नीट मध्ये बसावं लागतं, हे पोरं जवानांना शिकवत होती. दोराची गाठ कशी मारायची ते जवान पोरांना शिकवत होते. कुणी कुणाला हार घातला नाही. असं काम मी त्याआधी आपल्या गावात पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

पहिल्या खेपेला काहील परत आली ती कोकरं घेऊन. आत्या बसली नव्हती. आधी ही न्या, म्हणाली, मी मोठ्यांना सोडून येत न्हाय. जवानांनी हात जोडले तरी हलली नाही. दुसरी खेप टेकाडाला पोचेपर्यंत टेकाड राहिलं नव्हतं. मेंढरं एकामागं एक धारेला लागली. मेंढरांचं तसंच असतं, एक गेलं की सगळी जातात. आत्या लिंबाच्या फांदीला लोंबकळलेली होती, हातात त्राण नव्हतं. सुभेदारांनी तिला पाठीवर घेतलं आणि पट्ट्यातला तुमचा फेटा काढून तिला स्वतःशी बांधून टाकलं, लेकराला झोळीत बांधतात तसं. त्या दिवशी तुमच्या हातचं कापड कामाला आलं ते तेवढंच.

ती काठाला लागली आणि साहेब आले. कोरड्या बुटांचे. नारळ फुटला. ओल्याचिंब आत्याच्या अंगावर शाल पडली, फोटो निघाला, मागं पाणी छान आलं. तुम्ही साहेबांच्या शेजारी. आत्या तिथं थांबली नाही. कोकरं मोजायला शाळेमागं गेली आणि मी मागोमाग गेले तेव्हा तिनं मला विचारलं, ‘गाडी कवा आली?’ मी खरं ते सांगितलं. पोरांना सकाळी कुणी बसवलं तेही सांगितलं. ती शाळेच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथून टेबलावरच्या तुमच्या पिशवीकडं बघत उभी राहिली.

नंतर पुण्याकडून मदतीचे ट्रक आले. त्यात जरीचे फाटके परकर होते, लहान मुलांचे उन्हाळी चष्मे होते, आणि तुम्ही तेही समारंभ करून वाटलेत. ते सोडा. दिवाळी आली. भाऊबीजेला आत्या येणार नाही, असं आई धरून चालली होती. ती आली. स्वयंपाकघरात तुमचा पाट मांडला, रांगोळी काढली. तुम्ही नवा फेटा बांधून बसलात, जणू काही झालंच नाही. आत्यानं ताट हातात घेतलं आणि तशीच उभी राहिली.

‘फेटा काढ, दादा.’

आई कळवळली. ‘अवो वन्सं, उघड्या डोक्याला ववाळत न्हाईत.’

‘मला म्हाईत हाय,’ आत्या म्हणाली.

तिला हे शब्द मी सांगितले नव्हते. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, सांगितले असं तुम्हाला वाटलं असणार. मग फेटा काढून मांडीवर ठेवलात. तुमचं टक्कल इतकं पांढरं होतं, ते मी पहिल्यांदा पाहिलं. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं, तुम्ही ओवाळणीत घातलेली साडी पाटावर ठेवून ती निघून गेली. तुम्ही असेपर्यंत दर भाऊबीजेला ती आली आणि दर भाऊबीजेला तुम्ही तिच्यापुढं उघड्या डोक्यानं बसलात. एकदाही ‘चुकलं’ म्हणाला नाहीत. ते म्हणायला जी जीभ लागते ती साहेबांसमोर झिजवून संपली होती.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा माझ्या मुलाचं लग्न झालं. बारामतीहून फेटेवाला बोलावला होता. त्यानं टोपीसारखे शिवलेले तयार फेटे आणले, डोक्यावर ठेवले की झालं. मी ते पाहिलं आणि मला तुमच्यासारखाच राग आला. त्याला चहा पाजून परत पाठवला. कपाटातून तुमचा अंजिरी फेटा काढला, नवऱ्याला दुसरं टोक धरायला लावलं, आणि तो ढिलं धरत होता म्हणून त्याला बोलले. काय बोलले ते तुम्हाला ठाऊक आहे. मुलाच्या डोक्यावर हात आपोआप चालत होते.

आत्या खुर्चीत बसली होती. आता तिला नीट दिसत नाही, कधी कधी कोण जिवंत आहे आणि कोण गेलं तेही आठवत नाही. नातू पाया पडायला वाकला तसा तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग फेटा चाचपला. निऱ्यांवरून बोटं फिरवली, तुऱ्यापर्यंत गेली, पाठीवर सोडलेल्या शेमल्यापर्यंत गेली.

‘दादानं बांधला व्हय?’

मी ‘व्हय’ म्हणाले. माझी खात्री होती की ती आता काढ म्हणेल. तिनं ताट मागितलं आणि फेट्यासकट ओवाळलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. वाचून तुम्हाला बरं वाटलं असतं, आणि ते मला अजून नको आहे. मला बरं वाटलं, तेवढं पुरे.