पान एकशे तेरा

वेरिबी, मेलबर्न
१३ मार्च २०२२, रविवार

दादा,

जयभीम. मी बरी आहे. तू, वहिनी आणि आई बरे असाल. इथे उन्हाळा संपत आलाय तरी माश्या जात नाहीत. झाली खुशाली. आता भांडायला बसते.

पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "मधू, एक मिनिट, आधी माझं ऐक," म्हणतोस आणि तुझं ते मिनिट काही संपत नाही. व्हॉट्सॲपवर रागाने काही टाकलं तर तू शुद्धलेखन तपासतोस. मागे मी 'तु नालायक आहेस' असं लिहिलं, तर लेखक सुखदेव यांचं उत्तर आलं, "तू दीर्घ." म्हणून कागद. यातलं काय सुधारायचं ते लाल पेनाने सुधार आणि स्वतःच्या उशाखाली ठेव.

तर काल विनी आंटीने तुझं पुस्तक वाचून संपवलं. विनी आंटी म्हणजे विनिफ्रेड, वसईची. तिच्या घराची मागची खोली माझी आहे. खोलीला खिडकी आहे, खिडकीत लिंबाचं झाड आहे, आणि त्या झाडावर एक पोसम राहतो, मांजराएवढा, लिंबांची नुसती सालं खातो आणि आतलं लिंबू तसंच लटकत ठेवतो. बघून वाटतं कुणीतरी लिंबांचे कपडे काढून नेले. असो. आंटी म्हाताऱ्या माणसांच्या होममध्ये कामाला आहे. दोन वर्षांपूर्वी तिची आई वसईला वारली, तेव्हा इथली बॉर्डर बंद होती. मयत तिने मोबाईलवर पाहिली, तीही अर्धीच, कारण चर्चमधलं नेट गेलं.

मी भांडी घासत होते. ती चष्मा कपाळावर ढकलून आली, तुझं 'अकरा दिवस' छातीशी धरून, आणि मला ओल्या हातांसकट मिठी मारली. "बाय माझे, नशिबाची गो तू! बापाला जाताना तुझा आवाज तरी मिळाला. मला नाय जमलं."

 मी म्हटलं, "नो वरीज, आंटी."

नो वरीज! दादा, मी त्या बाईला नो वरीज म्हटलं. इथे राहून जिभेला ही सवय लागलीय, कुणी पायावर पाय दिला तरी तेच येतं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तुला शिव्या दिल्या. मराठीत दिल्या.

तू नोव्हेंबरमध्ये पीडीएफ पाठवलं होतंस, ते मी उघडलं नव्हतं. काल आंटीचं पुस्तक घेतलं आणि सरळ पान एकशे तेरा काढलं, कारण गेल्या आठवड्यात तूच मेसेज केलायस, 'पान ११३ प्रमाणे.' इथे उतरवते, म्हणजे आपण काय लिहिलं ते आपल्याला पुन्हा दिसेल:

'वेस्टमीडच्या कोविड वॉर्डात ड्युटीवर असलेली माझी धाकटी बहीण मधू तेवढ्यात फोनवर आली. पीपीई किटच्या आतून तिने पप्पांसाठी पंचशील म्हटलं. पाचही शीलं, एकही शब्द न चुकता. पप्पांचे ओठ तिच्यामागून हलत होते.'

एकही शब्द न चुकता. मी!

अरे, कल्याणच्या विहारात येणाऱ्या कुठल्याही माणसाला विचार. दर रविवारी मी पुढच्या रांगेत उभी राहून तिसऱ्या शीलावरून धाडकन पाचव्यावर उडी मारायचे. चौथं मला कधी आठवायचंच नाही, आणि चौथं नेमकं खोटं न बोलण्याचं. पप्पा सगळ्यांदेखत विचारायचे, "अगं, मुसावादा कुठे गेलं? खाल्लंस?" अख्खी रांग हसायची. आई घरी आल्यावर पोळी लाटता लाटता म्हणायची, "तिला चौथं परवडत नाही हो." तू तेव्हा वहीत काहीतरी लिहीत बसायचास. तेही लिहून घेतलं असशील.

आणि पप्पांचे ओठ तुला कुठून दिसले? वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता. तुला वर सोडत नव्हते. तू खाली कंपाउंडमध्ये ऑक्सिजनच्या टेंपोजवळ उभा होतास, हे तूच मला रडत सांगितलं होतंस. पुस्तकात तू खिडकीच्या काचेशी आहेस. चोवीस पायऱ्यांचे तीन जिने तू नुसत्या पेनाने चढलास.

तुझी पुस्तकं मी वाचत नाही असं तू सगळ्यांना सांगतोस. वाचते. सगळी नाही, पण मी जिथे असते तिथे. भुताच्या कादंबरीतली पळून जाणारी आत्या मी आहे. डासांच्या इतिहासात मलेरिया झालेली, खाटेवरून उठून पतंग उडवायला गेलेली मुलगी मी. लहान मुलांच्या त्या पुस्तकातला एका जागी न बसणारा बेडूकसुद्धा मीच, आणि चित्रकाराने त्याला माझ्यासारखा पुढचा दात वाकडा काढलाय, ते कुणी सांगितलं त्याला? तेव्हा मी हसले. बेडूक झाले तर झाले. तू मुलाखतीत म्हणतोस ना ऐटीत, "कथा-कादंबरीत मी वाटेल ते खोटं बोलेन, पण इतर पुस्तकांत एक अक्षर नाही." मला ते पटलं होतं. मी सिडनीत, ब्लॅकटाउनला असताना ते रूममेट्सना ऐकवलं होतं, माझा भाऊ म्हणून.

आता तुझ्या दिवाळी अंकातल्या 'रेंज' या कथेकडे येते. तीही वाचली. टोरांटोमधला मुलगा. वडील दवाखान्यातून व्हिडिओ कॉल करतात. एकदा, दोनदा, तीनदा. मुलगा फोनकडे बघत बसतो आणि उचलत नाही. नंतर सगळ्यांना सांगतो, रेंज नव्हती.

म्हणजे तुला माहीत आहे.

कधीपासून? वॉर्डबॉयने पप्पांचा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुझ्या हातात दिला तेव्हापासूनच ना? त्यात माझ्या नावापुढे तीन कॉल दिसले असतील. मी तुला रेंज नव्हती असं सांगितलं, आणि तू "हो गं, असतं असं" म्हणालास. सहा महिने "असतं असं" म्हणत राहिलास. मग जे खरं ते कथेत घातलंस, मुलगा करून, टोरांटोला नेऊन. आणि जे पुस्तक 'जसं घडलं तसं' म्हणून विकतोस, त्यात मला किट घालून उभी केलीस. कथेत खरं, पुस्तकात खोटं. आणि म्हणे मी शीलं विसरते.

रेंज होती. चांगल्या चार काड्या होत्या.

मी हे तीनदा लिहून खोडलंय, वर दिसतच असेल. एकदा लिहिलं शिफ्टवर होते. शिफ्टवर होतेच, पण कुठल्या? सिडनीच्या वेस्टमीड हॉस्पिटलात मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला अकरा आठवडे होते. त्यानंतर २०२० च्या जूनमध्ये मी कोर्स सोडला. कोविडमुळे नाही, नापास झाले म्हणूनही नाही. मला त्या कॉरिडॉरमध्ये श्वास घेता येईना, बस. मग ग्रिफिथला संत्री तोडली, मिल्ड्युराला द्राक्षं, मग इकडे वेरिबी साउथला फ्लॉवर आणि ब्रोकोली. मला आवडतं ते. वाकून कमर जाते, पण वर आभाळ असतं. हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. पप्पा सोसायटीत प्रत्येकाला अडवून सांगत होते, "आमची मधू तिकडे कोविडशी लढतेय." शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचेच्या नळ्या धुतलेला माणूस, त्याची मुलगी हॉस्पिटलात. कसं सांगणार होते?

म्हणून मी ऑप शॉपमधून, म्हणजे इथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून, एक निळा स्क्रब, नर्स ड्युटीवर घालतात तो शर्ट, घेतला. व्हिडिओ कॉल असला की तो घालून विनी आंटीच्या पांढऱ्या भिंतीसमोर बसायचे. पप्पा म्हणायचे, "वॉर्ड छान स्वच्छ ठेवतात गं तुमच्याकडे." मी शेतात जाते हे आंटीला माहीत आहे; तुझा वॉर्ड आणि किट तिने लेखकाची सजावट म्हणून सोडून दिलं, फोन मात्र खरा मानला.

त्या दिवशी, २६ एप्रिलला, इथे पावणेबारा वाजले होते. मी फ्लॉवरच्या सऱ्यांमध्ये, गमबुटात, गुडघ्यापर्यंत चिखल. फोन वाजला. पप्पांचा फोटो, व्हिडिओ. मी भिंत शोधली, दादा. खरंच इकडेतिकडे बघितलं. एक किलोमीटरपर्यंत सगळे फ्लॉवर. वाटलं तीनला सुटेन, घरी जाईन, शर्ट घालेन, मग निवांत लावेन. दुसऱ्यांदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला. बुद्धं सरणं तीनदा म्हणतात तसं तीनदा. दोन वाजून दहा मिनिटांनी तुझा फोन आला, आणि तो मात्र मी उचलला.

मला माहीत नाही ते काय म्हणणार होते. हे कुठल्याच पुस्तकात घालता येणार नाही. तुलाही नाही.

त्या दिवशी तू आईला सांगितलंस की मधूचं बोलणं झालं पप्पांशी. ते मी समजू शकते. ती जमिनीवर बसून होती, तुला काहीतरी द्यायचं होतं तिला. तोंडाने बोललेलं विरून गेलं असतं, एखाद्या दिवशी मीच गुपचूप सांगितलं असतं. पण तू छापलंस. चौथीपर्यंत शिकलेली बाई बोट ठेवून ठेवून ते पान वाचते, रोज. मागच्या रविवारी मला म्हणाली, "मधू, ते पान मुडपून ठेवलंय गं. त्याच्यावर हात ठेवला की झोप लागते."  माझ्या खोट्यावर तू माडी चढवलीस, आणि आता माडीवर आई झोपलीय.

आणि वर तुझा मेसेज. पहिल्या स्मृतिदिनाला दुसऱ्या आवृत्तीचं प्रकाशन, विहारात मोठा स्क्रीन, मधू ऑस्ट्रेलियातून लाइव्ह पंचशील म्हणेल, 'पान ११३ प्रमाणे', शक्य असल्यास युनिफॉर्ममध्ये. शक्य असल्यास! स्क्रब लटकतोय माझ्या दाराच्या मागे. तुला तो हवा असेल तर पार्सल करते, तू घालून म्हण.

मी नाही म्हणणार. चौथ्या शीलाशी येऊन, शंभर माणसांसमोर, आईसमोर, ते शब्द या तोंडाने नाही म्हणणार. आधी विसरायचे म्हणून सुटायचे. आता पाठ झालंय रे ते.

दुसऱ्या आवृत्तीत ते पान बदल. नाही बदललंस तर बोलणं बंद, आणि बेडकाची रॉयल्टी मागेन.

हे पत्र संपवून तुझ्या पत्त्यावर टाकणार होते. आत्ता लिहिता लिहिता ठरवलं, पाकिटावर आईचं नाव घालते. तू ते तिच्याआधी फोडू नकोस, हे पाकिटावरही लिहितेय. तुला घाई असते, पण ते तुझं नाही. तिला वेळ लागू दे. आठ दिवस लागले तरी लागू दे. तिला अडलेला शब्द सांग, पण दुसरा शब्द सांगू नकोस.

आई, इथून पुढे तुझ्यासाठी आहे, म्हणून अक्षर मोठं काढलंय.

पप्पांनी मला तीन वेळा फोन केला.

मी बघत होते. मी उचलला नाही.

मी नर्स नाही. मी शेतात काम करते. पप्पांना ते दिसू नये म्हणून नाही उचलला.

दादाने पुस्तकात लिहिलं ते तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी. त्याच्यावर माझ्याएवढी रागावू नकोस.

माझ्यावर रागाव. रागावून झालीस की फोन कर. व्हिडिओ कर. मी चिखलात असले तरी उचलेन.

तिसऱ्यावरून पाचव्यावर जाणारी
तुझी
मधू