शनिवारची गोळी

रौतालाम्पी, १४ सप्टेंबर

सायमी बये,

तुझं पत्र पोचलं. तू खुशाल असशील असं लिहिणार होते, पण खुशाल नाहीस ते तुझ्या अक्षरावरूनच दिसलं, तेव्हा ते राहू दे. आम्ही दोघं ठीक. बटाटे काढून झाले, यंदा चांगले मुठीएवढे भरलेत. रानात लाल फळं लगडलीत, पण माझा गुडघा वाकत नाही आणि ओइवाला रंग धड दिसत नाहीत, तो हिरवीच तोडून आणतो. मी चौथीत शाळा सोडलेली, तेव्हा शुद्धलेखन बघू नकोस, मजकूर बघ.

हे पत्र टेबलावर उघडं टाकलंस तरी चालेल. इतकी वर्षं फिनिश बायकोशी संसार करूनही लेनार्टला आपल्या भाषेतला एक शब्द वाचता येत नाही. त्याच्या आळशीपणाचा आज पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग होतोय.

फोन का नाही केला म्हणशील. केला. दरवेळी लेनार्टने उचलला आणि माझा आवाज ऐकताच ठेवून दिला. तुझा मोबाइल नेहमीसारखा खणात मरून पडलेला. तो फोन का ठेवतो ते पुढे लिहिते. तुझ्या नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून शेवटपर्यंत वाच आणि मधेच रडायला उठू नकोस.

तू लिहितेस, वसंतापासून त्याने अंथरूण शिवणाच्या खोलीत नेलंय, 'माझ्या घोरण्याने तुझी झोपमोड होते' म्हणतो. अगं, स्वीडनात बोरोसच्या गिरणीत आपण दोघी होतो तेव्हा तो दुपारच्या सुट्टीत बाकावर पडून घोरायचा, आणि ते ऐकूनच तू त्याच्याशी लग्न केलंस. आता घोरण्याचं काय नवीन? पुढे लिहितेस, त्याचं माझ्यावरचं मन उडालं, कुणी दुसरी भेटली असेल. लेनार्टला? दुसरी? त्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही.

आता आमच्या ओइवाच्या कपाळावरच्या टाक्यांविषयी. जुलैत तुला सांगितलं होतं, सौनाच्या वाफेत साबणावरून घसरला. माझ्या नातीला, वेन्लालाही तेच सांगितलं, शेजारच्या औनेलाही तेच.

साबण नव्हता.

ओइवा माझ्याकडे राहायला आला त्याला चार हिवाळे झाले. नाचाच्या मंडपात भेटला, टँगो बरा करतो, पाय तुडवत नाही. गाव म्हणालं, म्हातारपणी सोबत लागतेच. सोबतीला मांजर पुरतं. मला पुरुष हवा होता. सुरुवात चांगली झाली, मग त्याचं ते उभं राहीना. मी लिहून टाकलं, तूही वाचून टाक. तेव्हापासून मी झोपेपर्यंत हा घरात येईना. होडीला डांबर लाव, जाळी विण, सरपण फोड. इतकं सरपण झालं की माझ्या नातवंडांना पुरेल. मला वाटलं, संपला याचा माझ्यातला रस. एक दिवस सरळ विचारलं, "ओइवा, तुला जायचंय का?"

"कुठे?"

"घर सोडून."

कुऱ्हाड खाली ठेवली बिचाऱ्याने. म्हणाला, "मला कुठेही जायचं नाही गं एल्वी. मला तुझ्या जवळ यायचंय, पण जमत नाही."

मग डॉक्टरकडे गेला. त्याने रक्तदाब बघितला, साखर बघितली, हृदय तपासलं, कारण हे दुखणं कधीकधी हृदयाच्या दुखण्याची आगाऊ वर्दी असते म्हणे. दुसरी काही औषधं घेता का, असं विचारलं. ओइवा म्हणाला नाही. लघवीच्या त्रासासाठी शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरने दिलेली गोळी तो रोज घेतो, पण ती त्याच्या हिशेबी औषधात मोडत नाही, रोजचीच आहे ना. या डॉक्टरने उभं राहण्यासाठी लिहून दिलेल्या गोळ्या घ्यायला औषधाच्या दुकानात गेला, तिथली बाई नीट समजावून सांगायला लागली, तर पाठीमागे रांगेत औने, भोवरीचं मलम न्यायला आलेली. ओइवा म्हणाला, "कळलं, कळलं," आणि पिशवी उचलून पळाला. कळलं काही नव्हतं. पाकिटातला कागद चष्म्याशिवाय वाचला, म्हणजे वाचलाच नाही.

शनिवार उजाडला. शनिवारी आपला माणूस मरायला टेकला तरी आधी सौना घेतो. ओइवाने चरबीचे सॉसेज भाजून खाल्ले, वर दोन बिअर, वर गोळी. आणि तळ्याकाठच्या पायरीवर जाऊन बसला, बसची वाट बघावी तसा. काही झालं नाही. होणार कसं? पोटात एवढा ऐवज असल्यावर गोळीला उशीर लागतो, आणि नुसतं तळ्याकडे बघून कुणाचं काय उभं राहतं? गोळी आपण होऊन काही करत नाही, मन लागतं, जवळ माणूस लागतं. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा त्याने दुसरी गोळी घेतली. आणि मला एका अक्षराने न सांगता सौनाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर चढला, तापल्या दगडांवर पाणी ओतत सुटला. मी खाली पाय धूत होते. तो उठला, आणि पिठाचं पोतं पडावं तसा माझ्यासमोर आला.

पाय धरून ओढत पडवीत आणलं. गुडघ्याचं काय झालं ते विचारू नकोस. त्याचे पाय उंच ठेवले, कपाळावर टॉवेल दाबला. डोळे उघडून म्हणतो, "एल्वी, मी मेलो का?"

"मेलेल्याला एवढा घाम येत नाही. पडून राहा."

रुग्णवाहिका आली. दवाखान्यात तरणी डॉक्टरीणबाई, वेन्लापेक्षा थोडीशीच मोठी असेल. "काय झालं?"

"साबण," ओइवा म्हणाला.

"साबण नाही, गोळी. दोन," मी म्हणाले.

ती हसली नाही, लाजलीही नाही. पहिला प्रश्न विचारला, "छातीत दुखतं म्हणून नायट्रो घेता का? जिभेखालचा फवारा, गोळी, काहीही?" ओइवा म्हणाला नाही. तेव्हा कुठे तिने खांदे सैल सोडले. म्हणाली, "घेत असता तर आज आपण बोलत नसतो." मग समजावलं. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, सौनाही करते, बिअरही करते, लघवीची गोळीही करते. "घराच्या सगळ्या खिडक्या एकदम उघडल्यात तुम्ही, आजोबा, ऊब राहील कशी?" आणि नायट्रोबरोबर ती घेतली तर रक्तदाब असा कोसळतो की कधीकधी डॉक्टरलाही वर आणता येत नाही. सायमी, हे वाक्य पुन्हा वाच.

आता आमचं कसं चाललंय ते ऐक. डॉक्टरीणबाईने त्याची सगळी औषधं समोर मांडून घेतली आणि गोळीची ताकद कमी करून दिली. दिवसाला एक, मग काही होवो न होवो. शनिवार सौनाचा, गोळीचा बुधवार. त्या दिवशी हलकं जेवण, बिअर नाही. तासभर आधी घेतो, आणि त्या तासात पायरीवर बसत नाही, माझ्या गुडघ्याला तेल चोळतो. रेडिओवर टँगो लागला तर स्वयंपाकघरात दोन पावलं टाकतो. पहिल्या दोन बुधवारी काही घडलं नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं, पण बाईने आधीच बजावलं होतं, पहिल्या झटक्यात हार मानू नका. तिसऱ्या बुधवारी औने दार वाजवून वाजवून परत गेली. बाईने आणखीही सांगितलंय. चार तासांहून जास्त वेळ ताठ राहिलं तर फुशारक्या न मारता दवाखाना गाठायचा. अचानक दिसेनासं किंवा ऐकू येईनासं झालं तरी तसंच. छातीत दुखलं तर रुग्णवाहिका बोलवायची आणि आलेल्या माणसाला आधी सांगायचं की गोळी घेतलीये.

एवढं सगळं तुला का सांगत बसले? कारण परवा लेनार्टचा फोन आला होता. ओइवा बहिरा, फोनचा आवाज अंगणात ऐकू जाईल इतका मोठा ठेवतो. ऑगस्टमध्ये तुम्ही आलात तेव्हा दोघं होडीतून मासे धरायला गेले होते ना, तेव्हा याने तिकडे आपल्या मोडक्या स्वीडिशमध्ये फुशारकी मारली असणार. लेनार्ट म्हणतो, "ओइवा, तुझ्या त्या गोळ्या, चार-पाच पाकिटात घालून पाठव. सायमीला कळू देऊ नकोस."

"पाठवतो की!" आमचे दानशूर.

मी फोन हिसकावला. माझं स्वीडिश गिरणीतल्या भांडणापुरतं आहे, पण तेवढं पुरलं. "लेनार्ट, ऑगस्टमध्ये तुझ्या खिशात पाहिला तो छातीचा फवारा अजून आहे ना?"

"आहे. क्वचित लागतो."

"मग गोळी नाही. अर्धीसुद्धा नाही."

"तू कोण सांगणारी? क्लबातला स्टूरे इंटरनेटवरून मागवून देतो म्हणालाय."

"मग स्टूरेला विचार, सायमीचे काळे कपडेही तोच मागवणार का?"

त्याने फोन ठेवला. तेव्हापासून माझा आवाज त्याला सोसत नाही.

तर बये, दुसरी कुणी नाही. तुझा नवरा समुद्रापलीकडच्या माझ्या म्हाताऱ्याकडे गोळ्यांची भीक मागतोय. मन उडालेला माणूस असं करतो का?

त्याला घेऊन फवारा देणाऱ्या डॉक्टरकडे जा. फवारा अजून लागतो का, गोळी चालेल का, ते तोच ठरवेल. स्टूरे नाही आणि मीही नाही. नाही म्हणाला तरी जग बुडत नाही. दुसरे उपाय आहेत, हातपंपासारखं एक यंत्रसुद्धा असतं. हसू नकोस. बरं, हस. आणि 'या वयात मला कुठे हवंय' असं त्याच्या तोंडावर म्हणू नकोस. हवं नसेल तर गोष्ट वेगळी, पण तुझं पत्र तसं म्हणत नाही.

१५ सप्टेंबर

रविवार, टपाल नाही, म्हणून पत्र इथेच राहिलं. बरं झालं. सकाळी लेनार्टचा पुन्हा फोन.

"एल्वी आहे का तिथे?"

"नाही," ओइवाने ठोकून दिलं. मी शेजारीच बसून बटाटे सोलत होते.

"स्टूरेला नको म्हणून सांगितलं," लेनार्ट म्हणाला. मग खाकरला. "तू डॉक्टरला काय म्हणालास रे? म्हणजे पहिलं वाक्य?"

ओइवाने माझ्याकडे पाठ फिरवली. मग म्हणाला, "म्हणालो, मला घरी एक बाई आवडते आणि तिच्याजवळ जायची भीती वाटायला लागलीये."

हे मलाही माहीत नव्हतं. बटाटा सोलता सोलता निम्मा गेला.

लेनार्ट म्हणाला, "हे मी आधी डॉक्टरला सांगू की सायमीला?"

मला राहवलं नाही. "सायमीला, गाढवा!"

या वेळी त्याने फोन ठेवला नाही. म्हणाला, "बरं."

आता पत्र पोचेपर्यंत त्याने सांगितलेलं असेल किंवा तो अजून शब्द जुळवत असेल. सांगितलं असेल तर हे चुलीत घाल आणि तुला माझ्याकडून काहीच कळलेलं नाही. सांगितलं नसेल तर दोन दिवस वाट बघ, मग तूच विषय काढ. तो अडखळेल, लाल होईल, मधेच हवामानाचं बोलेल. त्याचं वाक्य तू पुरं करू नकोस. तुला लहानपणापासून ती खोड आहे. आयुष्यात एकदा गप्प बस आणि त्याला शेवटच्या शब्दापर्यंत येऊ दे.

तुझी थोरली बहीण,
जिला स्वतःला गप्प बसता आलं नाही,
एल्वी