ब्याण्णवपर्यंत

४ ऑगस्ट
डॉक्टरीणबाई पांढरा कोट आखूड करायला दुकानात आल्या होत्या. माप देता देता माझ्या दादूकडे बघून म्हणाल्या, "पूर्वी डाउन सिंड्रोम असलेली अशी मुलं पंचविशीसुद्धा गाठत नसत. आता साठीपर्यंत सहज जातात!" मी "अरे वा" म्हटलं आणि टाचणी माझ्याच बोटात घुसवली.
मग बसून आकडेमोड केली. दादू चौतीस, मी सहासष्ट. तो साठीचा होईल तेव्हा मी ब्याण्णव. म्हणजे ब्याण्णवपर्यंत जगायचं. दुसरा इलाज नाही! रस्ता ओलांडणं, गॅस पेटवणं आणि खोटं बोलणारा माणूस ओळखणं, या तीन गोष्टी माझ्या लेकाला जमत नाहीत. आणि त्याला माझ्याशिवाय आहे कोण?

६ ऑगस्ट
वाचनालयात गेले. म्हातारपणावर जेवढं मिळालं तेवढं वाचलं. उंदरांना पोटभर खायला न देता थोडं कमी दिलं, तर ते जास्त जगतात म्हणे. भुकेली पेशी स्वतःच्या आतला केरकचरा खाऊन साफ होते. आणि पेशीत जे धागे असतात त्यांची टोकं हळूहळू झिजत जातात — पार झिजली की पेशी म्हातारी. हे मला चटकन कळलं. चाळीस वर्षं मी उसवलेले काठच तर शिवतेय!
मी वाचत होते तोवर दादूने ग्रंथपालांच्या गळ्याचं माप घेतलं. टेप कायम त्याच्या गळ्यात, वही खिशात. ग्रंथपाल बिचारे मान वर करून उभे!
उद्यापासून साखर बंद, दूध बंद, अंडं बंद. रात्रीचं जेवणही बंद.

१८ ऑगस्ट
रविवार — म्हणजे माझ्या मापाचा दिवस. "आई, हात." दंडाला टेप, जिभेचं टोक बाहेर, मग वहीत आकडा. खेळू दे, बापडा.
"आई, तुझं अंडं कुठे?"
"मला नको. तू खा."
त्याने अर्धं खाल्लं आणि अर्धं माझ्यासाठी कुठेतरी झाकून ठेवलं. मंगळवारपर्यंत वासावरून सापडेल.

२० ऑगस्ट
सापडलं. बटणांच्या डब्यात.

१ सप्टेंबर
चार किलो गेले! सैल झालेल्या स्वतःच्या कपड्याला दोन्ही बाजूंनी टीप मारून घेतली. आरशासमोर चक्क मिरवले.

२२ सप्टेंबर
कात्री जड लागते. जिना चढताना दोनदा बसले. थकव्याबद्दल पुस्तकात काही नव्हतं. उंदरांना जिने नसावेत.
आज वाईट वागले. दादूने बिस्कीट तोंडाशी आणलं, मी हात झटकला. बिस्कीट पडलं. तो खाली बसून एकेक तुकडा वेचत राहिला. ज्याच्यासाठी उपास करतेय त्याच्यावरच ओरडले. रडू आलं, ते शिलाई मशीनच्या आवाजात उरकून घेतलं.

९ ऑक्टोबर
अक्षर वाकडं येतंय — उजवा हात झोळीत आहे.
परवा कापड बेततानाच घेरी आली आणि हातावर पडले. डोळे उघडले तर डॉक्टरीणबाई समोर आणि शेजारी धापा टाकणारा दादू. तो एकटा दवाखान्यात गेला होता, रस्ता ओलांडून! तिथे गेल्यावर त्याला सांगता येईना. म्हणून त्याने वही उघडून धरली. 'आई' असं लिहिलेलं पान. साडेअकरा, अकरा, साडेदहा, दहा.
डॉक्टरीणबाईंनी ते पान माझ्या नाकासमोर धरलं. "बाई, दीड इंच दंड उतरला आणि तुम्हाला कळलं नाही? तुम्हाला?"
गावाची मापं घेणारी मी. स्वतःच्या कपड्याला टीप मारून मिरवत होते!
मग मी त्यांना ब्याण्णवचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "उंदीर पिंजऱ्यात असतात हो. त्यांना जिना चढायचा नसतो. या वयात पोट मारलं की केरकचऱ्याआधी स्नायू जातात. तुम्हाला डाळ, दूध, अंडं तरुणपणापेक्षा जास्त हवं, कमी नाही!"
"मग जगेन ना ब्याण्णवपर्यंत?"
"तेवढं मला सांगता आलं असतं तर काय हवं होतं?"
आणि वळून त्यांनी दादूलाच विचारलं, "आईला रोज अंडं कोण देणार?"
"मी," दादू म्हणाला. टेप सावरत, अगदी दुकानदारासारखा.

१० ऑक्टोबर
एका हाताने गॅस पेटवता येईना. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला शेगडीजवळ उभं केलं. मीच डोळे मिटून घेतले. त्याने नाही.

१४ ऑक्टोबर
काल पाणी उतू गेलं. आज अंडं फुटलं. "उद्या," म्हणाला.

१९ ऑक्टोबर
जमलं! गॅस बंद केला की मोठ्याने "बंद" म्हणतो, आणि परत एकदा जाऊन बघतो. मी उभ्या आयुष्यात परत जाऊन बघितलं नाही.

२० ऑक्टोबर
माप दहा. हललं नाही. पण मी दोन्ही अंडी खाल्ली. त्याचं आणि माझं! तो बघत बसला होता, पण मला थांबताच येईना.

१० नोव्हेंबर
सव्वादहा! दादूने ग्रंथपालांना जाऊन सांगितलं. त्यांनीही अभिनंदन केलं. टीप उसवून टाकली.

१७ नोव्हेंबर
सकाळी अंडी सोलता सोलता म्हणाला, "आई, तू मेल्यावर पण मी दोन उकडणार. एक माझं, एक तुझं. तुझं पण मीच खाणार. वाया नाही घालवायचं."
जे बोलायला मी इतकी वर्षं घाबरत होते, ते तो अंडं सोलता सोलता बोलून मोकळा झाला.
मी म्हटलं, "मीठ लावून खा."